‘ऊस नाही तर सोयाबीन’ हे कुणी ठरवलं?

आमच्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मराठवाड्यात परवडतो तो ऊस, नाही तर सोयाबीन. रेशीम, फळबागा हे पैसेवाल्यांचे चोचले. पीक बदलून गाव सुधारत नसतं.’ पाठवणारे आपलेच आहेत, म्हणून उत्तर देतो.

उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, खरंय. पण पाणी कुठंय? आपल्याकडं सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाटानं भिजवलेला ऊस त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. इतक्यात विसरलो?

सोयाबीन सोडा असं कुणी म्हणतच नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तूर बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११ ही जात घेतली तर लवकर निघते. शेंग भरताना सोयाबीन पाण्याच्या ताणावर गेलं तरी तुरीवर काहीतरी हाती लागतं.

आता ‘पैसेवाल्यांचे चोचले’. रेशमासाठी आमची तुती एकरभर, शेड पत्र्याची. चॉकी, म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या, आणली की तीनेक आठवड्यांत कोष. अळ्या पिवळसर दिसायला लागल्या की चंद्रिका, म्हणजे कोष विणायला लागणाऱ्या जाळ्या, टाकायच्या. त्या दोन दिवसांत घरात कुणाला धड जेवायला सवड नसते. चोचले म्हणे! उलट दसरा-दिवाळीला बीडकडची कितीतरी जोडपी उचल घेऊन, लेकरं पाठीशी बांधून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. ऊस गाव सुधारतो तर ही गावं दरसाल ओस का पडतात? शेडवर काम असलं तर माणूस घरी राहतो.

तोटा होत नाही असं नाही. मागच्या साली शेजारच्या कपाशीवरचं औषध वाऱ्यानं आमच्या तुतीवर आलं. तोच पाला अळ्यांना घातला. दोन दिवसांत सगळ्या गळपटल्या, अख्खी बॅच खड्ड्यात पुरली.

भावाचा मुद्दा मात्र मेसेजवाल्यांनी काढायला हवा होता, तो मी मान्य केला असता. सगळ्यांनी एकदम एकच पीक धरलं की भाव बसतो, आणि जवळ बाजार नसला तर भाड्यातच पैसे जातात. कोष पूर्वी कर्नाटकात रामनगरला न्यावे लागायचे. २०१८ मध्ये जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, तेव्हा कुठं आमच्यासारख्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढची चॉकी सोमवारी येतेय. शेजाऱ्याला सांगून ठेवलंय, फवारायच्या आदल्या दिवशी एक फोन कर.