पोरगं नोकरीसाठी आलं होतं

नोकरीच्या जाहिरातीला भुलून साखळी योजनेत अडकलेल्या तरुणांची बातमी आपल्याकडून दर थोड्या दिवसांनी येते. गाव बदलतं, मुलांची संख्या बदलते, खालच्या प्रतिक्रिया मात्र त्याच असतात. ‘लोभाचं फळ.’ ‘झटपट पैसा हवा ना, मग भोगा.’ या वेळी हेच आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या मामेभावाने लिहिलं. वर असंही जोडलं की मराठी मुलांना धंद्याचं डोकंच नाही, जरा चार लोकांना भेटायला सांगितलं की फसवलं म्हणून ओरडतात. मी उत्तर दिलं तर म्हणाला, ‘ताई, तू तिकडे बसून बोलू नकोस. इथली परिस्थिती तुला माहीत नाही.’

इथून सगळं दिसत नाही, हे मला कबूल आहे. पण लोभाचा आरोप मी ऐकून घेणार नाही. ब्रिटनमध्ये मी गेली कित्येक वर्षं पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या विभागात, काम करते. कोण कंपनीच्या पगारावर आहे आणि कोण स्वतःच्या जोखमीवर काम करतोय, हे ठरवणं माझं रोजचं काम आहे. पी-45, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा कराचा कागद, कुणाला द्यायचा, एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, कुणाचं काय कळवायचं, सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून असतं. म्हणून ती जाहिरात वाचताना माझी नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

जाहिरात काय सांगते? बॅक ऑफिस, डेटा एन्ट्री, पॅकिंग, सुपरवायझर. बारावी पास किंवा नापास, अनुभवाची अट नाही. राहण्या-जेवण्याची सोय. ट्रेनिंगच्या काळातही पगार. पगाराचा आकडाही बेताचा असतो, कारण फार मोठा लिहिला तर शंका येते. यात लोभ कुठे आहे? सहा महिन्यांत दामदुप्पट हवं असणाऱ्यांसाठीच्या जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांची भाषाही वेगळी असते. ही जाहिरात वाचून जो निघतो, त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हवी आहे. त्यातली काही घरी पाठवायची आहे. याहून साधी अपेक्षा असू शकत नाही.

तो पोचतो. फॉर्म भरून घेतात, पाच मिनिटांची मुलाखत होते, लगेच ‘तुमचं सिलेक्शन झालं’ म्हणून सांगतात. मग पैसे. कधी ट्रेनिंगचे, कधी डिपॉझिट म्हणून, कधी खोलीचे. घरचे उसनवारी करून पाठवतात, कारण पोराला नोकरी लागली आहे. पैसे जमा झाल्यावर हॉलमध्ये सेमिनार सुरू होतात. तिथे त्याला पहिल्यांदा कळतं की नोकरी म्हणजे गुलामी, बाप आयुष्यभर नोकरी करून कुठे पोचला ते बघ, आणि घरचे ‘नको’ म्हणाले तर ते निगेटिव्ह लोक. पैशांच्या बदल्यात हातात एखादं किट येतं, कपड्यांचं किंवा आरोग्याच्या कसल्यातरी पावडरीचं. आयडी लागतो. आता साखळीत आपल्या खाली दोन नवे सदस्य आणायचे, लेफ्टला एक आणि राइटला एक बसवायचा. ओळखीच्यांची यादी काढायची. आणि मग ती सूचना, जी ऐकून माझा संताप होतो: मित्राला फोन कर, प्लॅनबद्दल चकार शब्द काढू नकोस, फक्त सांग की इथे जागा निघाली आहे, मी सरांशी बोललोय, तू ये.

इथून पुढे वर्तमानपत्राची किंवा पोर्टलची गरजच उरत नाही. पोरगाच जाहिरात होतो. त्याचा बालमित्र, चुलतभाऊ, शेजारच्या काकूंचा मुलगा, सगळे त्याच्या शब्दावर येतात. परतावं तर घरी काय सांगायचं, राहावं तर पुन्हा कुणाला तरी खोटं बोलायचं. यातून बाहेर पडलेला मुलगा गावात वर मान करून फिरू शकत नाही. आणि त्यालाच आपण लोभी म्हणतो.

कायदाही त्याला धीर देत नाही. आपल्याकडे 1978 पासून प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा आहे, म्हणजे नवे सदस्य आणून पैसे फिरवणाऱ्या योजनांवरची बंदी. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार अशी योजना चालवणं गुन्हा आहेच, पण तिचा सदस्य होणं आणि त्यात भाग घेणं हाही गुन्हाच. म्हणजे ज्याने दोन मित्र आणून बसवले, तो पोलीस ठाण्याची पायरी चढताना आधी स्वतःचा विचार करतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड जास्तीत जास्त पाच हजार रुपये, असं त्या कायद्यात लिहिलं गेलं. वरच्या माणसाला त्या दंडाचं काय वाटणार! खालच्याला मात्र तुरुंग या शब्दानेच गप्प बसवता येतं. ‘तक्रार केलीस तर तूही आत जाशील,’ एवढं सरांनी म्हटलं की पुरे.

आता धंद्याच्या डोक्याबद्दल. मामेभावाने स्वतः छोटं वर्कशॉप उभं केलंय, त्याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच त्याने या दोन गोष्टी एका पंक्तीत बसवाव्यात याचं वाईट वाटतं. जोड्यांची साखळी पूर्ण भरली असं धरू. वर एक, खाली दोन, मग चार, आठ, सोळा. विसाव्या पायरीनंतरच्या ओळीत दहा लाखांहून अधिक माणसं लागतात. पण तेवढं लांब जायचीही गरज नाही. कुठल्याही ओळीवर थांबा आणि मोजा. शेवटच्या ओळीतली माणसं वरच्या सगळ्यांच्या एकत्रित संख्येहून एकाने जास्त असतात. म्हणजे कितीही कष्ट केले, कितीही सकाळी लवकर उठून स्वप्नांची वही लिहिली, तरी निम्म्याहून जास्त लोकांच्या खाली कुणीच नसणार. त्यांचं डोकं चालत नाही म्हणून हे होत नाही. रचनाच तशी आहे. वर्कशॉपमध्ये माल बनतो, तो गिऱ्हाईक विकत घेतं आणि वापरतं. इथे किट घेणारा आणि पुढे खपवणारा तोच असतो.

जिथे कंपन्या कायदेशीर आहेत, माल खरा आहे, तिथलं चित्र तरी बघावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2024 मध्ये 70 मल्टिलेव्हल, म्हणजे सदस्यांच्या साखळीतून माल विकणाऱ्या, कंपन्यांची उत्पन्नाची निवेदनं तपासली. बहुसंख्य सदस्यांना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि त्यातून स्वतःच्या खिशातून झालेला खर्च बहुतेक निवेदनांत वजाही केलेला नव्हता. हे मी ग्रुपवर टाकलं. त्यावर एक अंगठा आला, तोही मावशीचा.

मग ठरलेला प्रश्न आलाच: ‘तिकडे नसतं का हे?’ असतं. मार्केटिंग असिस्टंट, इमिजिएट स्टार्ट, फुल ट्रेनिंग अशी जाहिरात इथेही लागते आणि पोरगं प्रत्यक्षात पावसात दारोदार फिरून कमिशनवर काहीतरी विकत असतं. मी हे लपवत नाही. पण इथे जाहिरातीच्या नियमावलीतच वेगळं प्रकरण आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की नोकरी कुठली आणि व्यवसायाची संधी कुठली, हे जाहिरात देणाऱ्याने उघड सांगितलं पाहिजे. नियामक संस्था दंड करू शकत नाही, जाहिरात काढायला लावते, आणि कुणाची काढली ते जाहीर करते. काम मिळवून देण्याबद्दल काम शोधणाऱ्याकडून पैसे घ्यायला एजन्सीला 1973 च्या कायद्याने मनाई आहे, थोडे अपवाद सोडले तर. साखळी पद्धतीच्या व्यापारात पहिल्या सात दिवसांत नवख्याकडून दोनशे पौंडांहून जास्त घेता येत नाहीत, चौदा दिवसांत अंग काढून घेता येतं, आणि मोठी कमाई सहज होते या दाव्यांना भुलू नका, असा इशारा करारावर छापावा लागतो. एप्रिल 2020 पासून तर कामावर येणाऱ्याला पहिल्याच दिवशी अटी लेखी द्याव्या लागतात. ते कागद मी स्वतः तयार करते. जॉबसेंटरमधून, म्हणजे बेकारांना काम शोधून देणाऱ्या सरकारी कचेरीतून, कुणी धास्तावलेला येतो, तो कागद हातात पडल्यावर त्याचे खांदे सैल होतात, हे मी रोज बघते.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्या अनिवासी मंडळींचा मलाही राग येतो. डिसेंबर 2021 च्या डायरेक्ट सेलिंग (दुकानाशिवाय थेट विक्री) नियमांनी पिरॅमिड, म्हणजे अशाच साखळी, योजनांवर बंदी घातली, प्रवेश शुल्क घ्यायलाही मनाई केली. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा 1999 चा आहे. पण हे सगळे कायदे ग्राहकाला, सदस्याला किंवा ठेवीदाराला ओळखतात. नोकरी मागायला येतो तेव्हा मुलगा यातला कुणीच नसतो. त्याने काही विकत घेतलेलं नसतं, ठेव ठेवलेली नसते. जाहिरातीत तो कर्मचारी असतो, पैसे भरून झाले की एकदम स्वतंत्र वितरक होतो, आणि पगार कुठे म्हणून विचारलं तर फॉर्मवरची त्याचीच सही दाखवतात. फसवणूक त्या जाहिरातीत पूर्ण झालेली असते. म्हणून पैसे बुडेपर्यंत थांबूच नये असं माझं म्हणणं आहे. जागा आहे म्हणून छापलं आणि मालकच नाही असं निघालं, तर तेवढ्यावर तक्रार घेतली जावी. जाहिरात छापणाऱ्याने किंवा पोर्टलने आधी कंपनीचा पीएफचा कोड मागावा. खोटी जागा छापणाऱ्याकडे तो नसेल, आणि असला तर निदान धरायला पत्ता मिळेल.

‘तुला एवढं काय पडलंय?’ असं मामेभावाने शेवटी विचारलं, आणि ते मला लागलं. पडलंय, कारण ही गोष्ट इथे माझ्या अंगणात येऊन उभी आहे, आणि ती आणणारे आपलेच लोक आहेत.

दर सप्टेंबरला मराठी विद्यार्थ्यांची नवी तुकडी इथे उतरते. फी कर्जाची, भाडं अंगावर, आणि अर्धवेळ काम मिळेना. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी दादा किंवा ताई लिहिते: माझ्या टीममध्ये दोन जागा आहेत, घरून काम, वेळ तुमच्या सोयीने. भेटायला बोलावतात, आपुलकीने चौकशी करतात, आईबाबा कसे आहेत विचारतात. तिसऱ्या भेटीत प्लॅन निघतो. विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास नोकरी करता येते, स्वयंरोजगार मात्र करता येतच नाही. साखळीत नाव घातलं की तो स्वयंरोजगार झाला. दोनशे पौंडांचं किट राहू दे, त्या पोराचा व्हिसा आणि त्यामागचं बापाचं कर्ज, दोन्ही पणाला लागतं. हे त्या दादाला माहीत असतं. मी एकाला तोंडावर विचारलं होतं. तो म्हणाला, ‘ताई, आपल्याच माणसांना वर आणायचं नाही का?’ एवढ्या वर्षांत मला इतकं वाईट कशाचंच वाटलं नाही.

आणि यात माझं जे गेलं, ते मी मामेभावाला सांगू शकले नाही. नवीन असताना ट्रेनमध्ये मराठी कानावर पडली की मी जागा बदलून शेजारी जाऊन बसायचे. आता मी गप्प बसते. समोरचा फार पटकन सलगी करतोय का, माझ्या नोकरीबद्दल विचारतोय का, ‘एक्स्ट्रा इन्कम’ म्हणतोय का, हे आधी ऐकते. इंग्रजीत कुणी बोलला तर मला असा संशय येत नाही, आपल्या भाषेत बोलला की येतो. मला हे आवडत नाही. मी परकी झाले आहे असं घरचे म्हणतात तेव्हा मी भांडते, पण या एका बाबतीत ते खरं आहे, आणि ते इंग्रजांनी केलेलं नाही. माझ्या मातृभाषेतल्या आपुलकीचा ज्यांनी गळ केला, त्यांनी ते केलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात मी हा विषय काढला. गणपतीच्या कार्यक्रमाला येऊन जो कुणी विद्यार्थ्यांना काम देऊ करेल, त्याने नोकरी आहे की व्यवसाय, पगार कोण देणार आणि किती, हे आधी समितीला लेखी द्यावं, नाहीतर कार्यक्रमात ते बोलू नये. समितीतले दोघे म्हणाले की काही देणगीदार दुखावतील. एकजण तर म्हणाला, मुलं शहाणी आहेत, लोभ असला तरच फसतील. सात हजार किलोमीटर ओलांडूनही तेच वाक्य. ठरावाला अजून अनुमोदक मिळालेला नाही. तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावाने लागला आहे, आणि मागच्या वर्षी ज्या दोन मुलींनी किटचे पैसे भरले त्या बैठकीला येऊन बोलायला तयार आहेत.