रोलर कोस्टर नंतर, आधी सावली

विदर्भातल्या मध्यम आकाराच्या मनोरंजन पार्कांनी पुढची गुंतवणूक मोठ्या रोलर कोस्टरमध्ये करावी, असं एका लेखात म्हटलंय. पटलं नाही. खोपोलीच्या इमॅजिका पार्कने २०१३ मध्ये 'नायट्रो' हा मोठा रोलर कोस्टर आणला, तोही मुंबई-पुण्याच्या मधोमध. तरी पार्कवर कर्ज एवढं चढलं की २०२२ मध्ये पार्कच मालपाणी समूहाकडे गेलं. मग यवतमाळ-वाशीमकडच्यांनी कोणाच्या भरवशावर उडी मारायची?

इकडे एका गाडीत आजी, कडेवरचं लेकरू आणि चार पोट्टे येतात. उंचीच्या पट्टीवर लहानगे अडकतात, आजी तर लांबूनच हात जोडते. तिकीट सगळ्यांचं, मजा दोघांची! त्यापेक्षा सगळे बसतील अशी छोटी रेल्वे किंवा पाण्यातली राइड घ्या. रांगेवर छप्पर टाका. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही बाप्पा. (छपराचं उद्घाटन करायला कोणी पुढारी येत नाही, हे खरं.)

आणि नवी राइड दिवाळीनंतर सुरू करा. कापूस-सोयाबीन विकल्यावर हातात पैसा असतो, शाळांच्या सहलीही हिवाळ्यातच निघतात. देखभालीला तालुक्यातलीच आयटीआयची पोरं शिकवून ठेवा, नाहीतर एका बेअरिंगसाठी राइड महिनाभर ताडपत्रीखाली.