पलंगाले पैसा आहे, पगाराले नाही

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात यायच्या आधीच वाद पेटला. बेघरांच्या निवाऱ्यात काम करणारी मैत्रीण सांगत होती, एका कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी काढायच्या पैशातून, पलंग दिले, गाद्या दिल्या, नावाची पाटीही लावली. पण रात्रपाळीच्या समुपदेशकाचा पगार प्रस्तावातून खोडला.

"काऊन खोडला?"

"प्रशासकीय खर्च म्हणे. पाच टक्क्यांवर चालत नाही."

बँकवाला मित्र लगेच म्हणाला, "बरोबरच आहे ना बे. पैसा गरिबाले भेटला पाहिजे, पगारात कायले जिरवायचा?"

यावर सीए तडकला. "कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. आणि ते ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहेत. प्रकल्प राबवायला थेट जो खर्च लागते, तो त्यात धरतच नाही. नियम वाच ना बाप्पा!"

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पलंग कोणाची दारू सोडवत नाही. रात्री ताप चढलेल्या म्हाताऱ्याला मेयो या सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपरच्या रांगेत माणूसच उभा राहतो. हरवलेलं आधार कार्ड काढून देणं, घरच्यांचा पत्ता शोधणं, हे सगळं माणसाचं काम. तो पगाराअभावी सोडून गेला की जे चार लोक त्याच्याशी बोलायला लागले होते, ते पुन्हा गप्प होतात.

"पण पगार दाखवून पैसा खाल्ला तर?" बँकवाल्याची शंका काही खोटी नव्हती.

"मग हजेरीपट माग, तिमाही अहवाल माग," मैत्रीण म्हणाली. "ट्रस्टचे ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातातच. गाद्यांची खोटी बिलं बनत नाहीत काय?"

आणि मुदतीचं काय? चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देता येतात. न वापरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सोयही आहे. तरी कंपन्यांचे फोन येतात ते मार्चमध्ये, "महिन्याभरात खर्च दाखवा" म्हणत. महिन्याभरात पलंगच घेता येतात.

बँकवाला अजून पूर्ण पटलेला नाही. पण पुढच्या प्रस्तावाचं बजेट तोच तपासणार आहे, आणि त्यात पहिली ओळ समुपदेशकाच्या तीन वर्षांच्या पगाराची राहील.