सहा नोड, एक स्कीमा

एकाच मशीनवरच्या डेटाबेसमध्ये नवं टेबल तयार करणं सोपं असतं. एन्टर दाबलं, झालं. कॅसँड्रासारख्या वितरित डेटाबेसमध्ये डेटा अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर पसरलेला असतो आणि टेबलांचा आराखडा, म्हणजे स्कीमा, सगळ्यांकडे एकच लागतो. तिथे तेच काम म्हणजे सहा भावांच्या एकाच कागदावर सह्या घेणं, आणि त्यातला एक भाऊ नेमका गार्बेज कलेक्शनच्या (मेमरीच्या साफसफाईच्या) समाधीत.

सुरुवात कीस्पेसपासून, म्हणजे टेबलं ठेवायच्या कप्प्यापासून. नेटवर्क टोपोलॉजी स्ट्रॅटेजी (कुठल्या डेटासेंटरला डेटाच्या किती प्रती, हा नियम) लिहायची आणि डेटासेंटरचं नाव अक्षरन् अक्षर तेच द्यायचं, जे नोडना ठाऊक आहे. इथे मी स्वतःच्या स्मरणशक्तीला कामाला लावत नाही. नोडटूल स्टेटस ही कमांड चालवतो आणि वर दिसणारं नाव कॉपी करतो. कॅपिटल-स्मॉलचा फरक राहिला तर ४.० आधीच्या आवृत्त्या हूं की चूं करत नाहीत. कीस्पेस गुपचूप तयार होते आणि पहिलं रेकॉर्ड लिहायला जावं तर 'अनअव्हेलेबल'. सगळे नोड ठणठणीत, पण प्रती ज्या गावाला पाठवायच्या ते गावच नकाशात नाही! ४.० पासून निदान तोंडावर नकार मिळतो.

प्रती ३ ठेवल्या की कोरम, म्हणजे प्रतींचं बहुमत, २ चा, म्हणजे एक नोड झोपला तरी चालतं. पण १ च्या ३ केल्यावर जुना डेटा आपण होऊन नव्या जागी जात नाही. प्रत्येक नोडवर पूर्ण रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवणारी कमांड) चालवेपर्यंत तेच रेकॉर्ड कधी सापडतं, कधी नाही. आणि हो, लॉगिनची माहिती ठेवणारी सिस्टिम ऑथ कीस्पेस मुळात एकाच प्रतीवर असते. ती तशीच राहिली तर एक नोड पडतो आणि दुरुस्तीला आलेलाच दाराबाहेर उभा.

खरी मजा प्रायमरी कीमध्ये. तिचा पहिला भाग पार्टिशन की: कुठल्या ओळी एका गठ्ठ्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये, राहतील ते ती ठरवते. उरलेला भाग क्लस्टरिंग, म्हणजे गठ्ठ्यातला क्रम. समजा, सेन्सर सेकंदाला एक नोंद पाठवतो. दिवसाच्या ८६,४०० ओळी. ओळीला १०० बाइट धरले तर साधारण ८.६ एमबी. पार्टिशन की फक्त सेन्सर क्रमांक ठेवली तर बाराव्या दिवशी पार्टिशन १०० एमबीच्या वर, आणि त्याखाली ठेवावं हा रूढ संकेत. म्हणून सेन्सर आणि दिवस मिळून पार्टिशन की, वेळ क्लस्टरिंगला. पण त्या दोघांभोवती आतला कंस हवाच. तो विसरलात तर दिवस निमूटपणे क्लस्टरिंगमध्ये जाऊन बसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि प्रायमरी की नंतर बदलता येत नाही. नवं टेबल काढा, डेटा उचलून न्या.

चुकीच्या कॉलमवर शोधलं की एरर येते आणि शेवटी तीच सुचवते, 'अलाउ फिल्टरिंग' वापरा, म्हणजे ओळ न् ओळ चाळत बसा. पथ्य सांगता सांगता डॉक्टरांनीच भज्यांची प्लेट पुढे करावी, तसं. चार ओळींच्या टेस्ट डेटावर हे झकास पळतं, हीच अडचण.

आता भाऊबंदकी. ॲपचे दोन सर्व्हर एकाच वेळी सुरू झाले आणि दोघांनी 'इफ नॉट एक्झिस्ट्स' (नसेल तरच) लावून तेच टेबल तयार केलं, की आपण सावधपणा केला असं वाटतं. पण दोन नोड आपापल्यापुरते बघतात, टेबल नाही म्हणतात, आणि एकाच नावाच्या टेबलाला दोन वेगळे आयडी देऊन मोकळे होतात. मग लॉगमध्ये 'आयडी मिसमॅच'चा पाऊस. म्हणून स्कीमाचे बदल एकाच ठिकाणाहून, एकामागून एक. प्रत्येक बदलानंतर नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर ही कमांड. स्कीमा व्हर्जन्सखाली एकच यूयूआयडी (स्कीमाच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक) आणि त्यापुढे सहाही पत्ते दिसले की पुढची ओळ. दोन दिसले तर थांबायचं. थोड्या वेळानेही जुळले नाहीत, तर अल्पमतातल्या नोडवर रीसेट लोकल स्कीमा, म्हणजे स्वतःचा स्कीमा टाकून इतरांचा घ्यायला लावणं. 'अनरीचेबल'खाली कुणी असेल तर आधी त्याला उठवायचं. तो जागा होईपर्यंत एकमत झालं असं म्हणण्यात अर्थ नाही.

नोडचं एकदाचं जुळतं. कॉलमचं नाव 'युजर आयडी' की 'युजर अंडरस्कोअर आयडी', ही मीटिंग अजून चालू असते.