‘पाटे वाढवले तरी मिक्सर जोडला की गाडी मागून बसतेच’ या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, वाचलं. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. तुम्ही स्लॅबचं काम घेता. बोलेरो पिकअपच्या मागे लिफ्टवाला काँक्रीट मिक्सर ओढता. गाडी मागून फार बसते म्हणून आमच्याकडे आलात. आम्ही मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवून दिले आणि बिल झालं 8,500 रुपये. आता तुमच्या तीन तक्रारी आहेत. रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते. मिक्सर जोडला की पुन्हा मागून बसते आणि रात्री लाईट झाडांच्या शेंड्यावर जातो. आणि पाटे जुने घातले, म्हणजे फसवणूक केली.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण ती मला लागली. पाटे नवेच आहेत. बसवताना त्यांना रंग मारायचा राहिला, ते आमचं चुकलं. बिनरंगाचा पाटा पावसात आठ दिवसांत तांबडा होतो. तुमच्या ड्रायव्हरने खाली वाकून बघितला तो तांबडेपणा हाच. जुना पाटा ओळखायचा तर दोन पाट्यांची टोकं एकमेकांवर घासतात तिथे बघायचं, तिथे खाच पडलेली असते. तुमच्या वाढीव पाट्यांना ती नाही. हात लावून बघा.

बाकी दोन तक्रारी खऱ्या आहेत. चूक निम्मी माझी आहे, तुम्ही म्हणता ती नव्हे, पण आहे. तुम्ही आलात तेव्हा मिक्सर साईटवर होता. मी गाडीखाली शिरलो, पाट्यांची कमान उताणी पडलेली (वजनाने उलटी वाकलेली) दिसली, म्हणालो पाटे वाढवू. मागे नक्की काय जोडता, हौद्यात काय कुठे ठेवता, हे मी विचारलंच नाही. वडील असते तर आधी तेच विचारलं असतं.

रिव्ह्यू वाचल्यावर तुमच्या ड्रायव्हरला फोन केला. मिक्सर घुलेवाडीच्या साईटवर होता. शेजारच्या भुसार दुकानातून 300 किलोचा काटा उसना घेतला आणि रविवारी तिकडे गेलो. काट्यावर लाकडी ठोकळे रचून हुकाइतकी उंची केली (उंची चुकली तर वजनही चुकीचं येतं), मिक्सर सोडवला आणि त्याची दांडी ठोकळ्यांवर टेकवली. काटा 260 किलोवर थांबला. वजनकाट्याच्या तुमच्या पावतीवर मिक्सर 1,420 किलोचा आहे. म्हणजे साधारण अठरा टक्के वजन एकट्या हुकावर. दोन चाकांचा ट्रेलर ओढताना हुकावर दहा ते पंधरा टक्के असावं. कमी झालं तर ट्रेलर शेपटी हलवतो, जास्त झालं तर तुमच्यासारखं होतं.

एवढं आलं कुठून? दांडीवर कोणीतरी वेल्डिंग करून लोखंडी पेटी बसवली आहे. उघडली तर आत व्हायब्रेटर, त्याची नळी, डिझेलचे दोन कॅन, तीन पहारी, वायर रोपचं वेटोळं आणि एक जुनी बॅटरी. बॅटरी कशाची हे ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं. सगळं मिळून 105 किलो. शिवाय हौद्यात 200 लिटरचा पाण्याचा ड्रम भरलेला, आणि तोही मागच्या फाळक्याला चिकटून, काढायला सोपा पडतो म्हणून.

आता टेपने मोजलेलं सांगतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे, आणि मागच्या धुऱ्यापासून (अ‍ॅक्सलपासून) हूक 1.2 मीटर मागे. हुकावर 260 किलो बसले की मागच्या चाकांवर नुसते 260 येत नाहीत. पहारीसारखं होतं, मागचा धुरा टेकू बनतो. मागे 364 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून 104 किलो उचलले जातात. ड्रमचा हिशेब तसाच, पुढचे आणखी 60 जातात. म्हणजे पुढची चाकं 164 किलोंनी हलकी. विठा घाटात स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं असं ड्रायव्हर मोठ्या कौतुकाने सांगत होता. दादा, ते कौतुक नाही. वळायला आणि ब्रेकला पुढच्या चाकांवरच वजन लागतं. लाईट शेंड्यावर जातो तोही याच कारणाने.

मग आम्ही पेटी रिकामी केली, सामान आणि ड्रम दोन्ही केबिनच्या भिंतीला लावले आणि पुन्हा मोजलं. हुकावर 170 किलो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर आधी 6 सेंटिमीटरने कमी होत होतं, आता 4 ने. दोनच सेंटिमीटर वाचले, बघणाऱ्याला काही वाटणार नाही. पण पुढच्या चाकांवरून 164 किलो जात होते, तिथे आता उलट पन्नासेक वाढतात. ड्रायव्हर गाडी फिरवून आला आणि म्हणाला, स्टिअरिंग जड झालं. म्हटलं, असंच पाहिजे.

त्यामुळे मी आणखी चार पाटे घातले असते तरी मागचं बूड उचललं असतं, पुढचं वजन परत आलं नसतं. तुमच्या रिव्ह्यूखाली एकाने लिहिलंय की हवेचे बलून बसवा, अमेरिकेत सगळे बसवतात. बलूनचंही तेच. गाडी सरळ दिसते, पुढची चाकं हलकी ती हलकीच. तिकडे भार पुढच्या धुऱ्यावर परत ढकलायला वेगळा हूक असतो, त्याला स्प्रिंगच्या दोन दांड्या असतात. तुमच्या मिक्सरच्या दांडीला तो बसणार नाही, मी बसवायला जाणारही नाही.

आता आदळण्याचं. इथे चूक पूर्ण माझी. तुमच्या गाडीचे मूळ पाटे 8 मिलीचे, मी घातले 10 मिलीचे. ऐकायला दोन मिली. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे 10 चा एक पाटा 8 च्या जवळजवळ दोन पाट्यांना भारी. मी प्रत्येक बाजूला दोन नाही, जणू चार पाटे वाढवले. गाडी बाराही महिने भरलेली असती तर चाललं असतं. तुमची अर्धा वेळ रिकामी पळते.

तर असं करू. दोन्ही बाजूंचा एक-एक जाड पाटा काढतो, त्यांचे 2,600 रुपये परत, मजुरी नाही. राहिलेला पाटा हेल्परसारखा थोडा सपाट ठेवतो, म्हणजे रिकाम्या गाडीत तो मोकळा राहील आणि वजन आलं की लागेल. मूळ कमान उताणी झाली आहे ती तापवून, ठोकून वर आणून द्या असं ड्रायव्हर म्हणत होता. ते करणार नाही. गॅसवर तापवलेल्या पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाची ताकद, उतरतं, दोन महिन्यांत पुन्हा बसतो नाहीतर पाटे मधोमध धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाशी तडकतो.

एक तुमच्याकडची चूक. पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट 500 किलोमीटरनंतर आवळून घ्या, असं बिलावर शिक्का मारून दिलं होतं. तुम्ही आला नाहीत. रविवारी बघितलं तर डावीकडच्या एका नटाने अर्धा फेरा घेतला. तो ढिला राहून सेंटर बोल्ट तुटला तर अख्खं हाउसिंग, म्हणजे मागचा धुराच, मागे सरकतं. मग स्टार कोणाला देणार?

रिव्ह्यू वाचून दोघांनी फोन करून विचारलं, पाटे वाढवून दोन टन टाकता येतील का. नाही. पाटे वाढले म्हणून ब्रेक, टायर आणि आरसी बुकातलं वजन वाढत नाही. ओव्हरलोडला 20,000 दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. त्यासाठी माझ्याकडे येऊ नका.

दादा, सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी या, दोन तासांचं काम आहे. येताना मिक्सर जोडून आणा, आणि रोज असतं तसंच सामान भरून आणा, आवरून नको. काटा मी मागून ठेवतो. ती बॅटरी तेवढी घरी ठेवा.