मान्जीच्या पाठीवरचं स्वस्तिक

मावशीच्या भजनी मंडळातून निघालेला तो फॉरवर्ड काल आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन धडकला. खाली चार जणांनी हात जोडलेत, एका काकांनी ‘प्राइम बंद करा’ असा आदेश काढलाय. म्हणणं थोडक्यात असं: ‘ब्लेड ऑफ द इम्मॉर्टल’ या जपानी कार्टूनमध्ये एका खुन्याच्या पाठीवर आपलं स्वस्तिक मुद्दाम उलटं काढून धर्माचा अपमान केलाय; ते खरं तर हिटलरचं चिन्ह आहे, कारण जपान हिटलरचा दोस्त; हजार माणसं मारली की मोक्ष मिळतो असं त्यात शिकवतात; आणि हे सगळं लहान मुलांसाठी आहे.

‘उलटं’ आणि ‘हिटलरचं’ हे आधी घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

कागदावर दारावर काढतो तसं स्वस्तिक काढा. उभ्या रेघेचं वरचं टोक उजवीकडे वळतं. नाझी पक्षाने १९२० मध्ये उचललेलं चिन्हही उजवीकडेच वळतं. त्यांच्या झेंड्यावर ते ४५ अंशांत कललेलं, काळं, लाल कापडावरच्या पांढऱ्या वर्तुळात असतं. या गोष्टीचा नायक मान्जी, त्याच्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या किमोनोवर (जपानी झग्यावर) जे आहे त्याचं वरचं टोक डावीकडे वळतं. म्हणजे ते उलटं असेल तर हिटलरचं नाही, आणि हिटलरचं असेल तर उलटं नाही. फॉरवर्डवाल्याला दोन्ही हवंय.

डावीकडे वळणारं हे चिन्ह जपानमध्ये बौद्ध देवळाचं नेहमीचं चिन्ह आहे. त्याला तिथे म्हणतातच ‘मान्जी’, नायकाचं नावही तेच. जपानी नकाशावर जिथे हे दिसेल तिथे बौद्ध मंदिर समजायचं. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी नकाशा खात्याने परदेशी पर्यटकांचा गैरसमज होतो म्हणून पर्यटकांसाठीच्या नकाशांवर वेगळं चिन्ह सुचवलं, तर जपानमधूनच विरोध झाला. हिरोसाकी नावाच्या शहराचं अधिकृत बोधचिन्हच मान्जी आहे. ते तिथल्या त्सुगारू सरदार घराण्याकडून आलेलं. हे चिन्ह तिकडे बौद्ध धर्मासोबत गेलं, तो धर्म निघाला आपल्याकडून. जुन्नरच्या लेण्यांतल्या काही शिलालेखांच्या टोकाला स्वस्तिक कोरलेलं आहे, जाऊन बघा. आता आपल्याकडे दारावर डावं स्वस्तिक काढत नाहीत, हे खरंय. पण आपल्या दाराचा नियम क्योतोच्या देवळाला कसा लावणार?

या सगळ्यात एकच पुरावा द्यायचा तर मी इंग्रजी आवृत्तीचा देईन. ही गोष्ट मूळची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. नव्वदच्या दशकात अमेरिकी प्रकाशक सरळ पान आरशातल्यासारखं उलटवून छापायचे. त्यात काय बिघडतं ते बघा. उजव्या हाताचे सगळे तलवारबाज डावरे होतात. किमोनोची डावी बाजू उजवीवर यायला हवी, ती खाली जाते. आणि उजवी बाजू वर असलेला किमोनो जपानमध्ये फक्त प्रेताला घालतात. म्हणजे अख्खं गाव मेल्यासारखं नेसून फिरणार. आणि मान्जीच्या पाठीवरचं चिन्ह वळणार उजवीकडे, नाझींच्या दिशेने. लेखक-चित्रकार हिरोआकी सामुरा यांनी पानं उलटवू नका असं सांगितलं, म्हणून डार्क हॉर्स या प्रकाशनाने १९९६ पासून एकेक चौकट कापून, तिची जागा बदलून, पान नव्याने जुळवलं. किती किचकट काम असेल! वर त्या चिन्हाचा आणि नाझींचा संबंध नाही अशी टीपही छापली. ज्या चुकीचा आरोप चाललाय ती होऊ नये म्हणून एवढी कापाकापी झालीय.

आणि फॉरवर्डमधलं चित्र? त्यात चिन्ह चक्क उजवीकडे वळलेलं आहे. कुणीतरी ते आरशासारखं फिरवलंय. शेजारी समोर तोंड करून उभी असलेली रिन बघा (आईवडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला मान्जीसोबत निघालेली मुलगी): किमोनोची जी बाजू आपल्या उजव्या हाताला आहे ती वर हवी, इथे ती खाली गेलीय. ‘उलटं काढलं’ म्हणून ओरडायचं आणि चित्र लावायचं सुलट्याचं.

जपान-जर्मनी दोस्तीचं म्हणाल तर १९४० चा करार झाला होता, नाकारत नाही. पण कथा घडते १७८२ च्या सुमारास, एदो काळात. पुढे.

‘हजार मारले की मोक्ष’ हे मात्र धादांत खोटं. मान्जीने शंभर जणांना मारलंय, त्यात बहिणीचा नवराही, आणि त्या धक्क्याने बहिणीला वेड लागलंय. याओबिकुनी नावाची आठशे वर्षांची संन्यासिनी त्याच्या शरीरात रक्तातले किडे सोडते. (बिकुनी म्हणजे आपली भिक्षुणीच, शब्दही इथूनच गेलाय.) ते किडे जखमा शिवतात, पण वेदना होतातच, आणि तुटलेला हात परत जागेवर लावावा लागतो, नवा उगवत नाही. हे अमरत्व त्याला नकोय. हजार दुष्ट मारून त्यातून सुटायचं, हा सौदा त्यानेच मांडलेला. आपल्याकडची अंगुलिमालाची प्रचलित कथा आठवा, तोही हजाराचाच हिशोब करत होता. इथे तो हिशोबच पोकळ ठरतो. रिनच्या आईवर अत्याचार करणारा मुखवटे घडवणारा कारागीर मान्जीच्या हातून मरतो, आणि त्याचा लहान मुलगा रेन्झो पुढे स्वतःचा सूड घेऊन उभा राहतो. शेवटच्या प्रकरणात मेईजी काळ (१८६८ नंतरचा) उजाडतो, तरी मान्जी जिवंतच. यात मोक्ष कुठे दिसला?

राहिला मुलांचा मुद्दा. ही मांगा १९९३ ते २०१२ कोदान्शा प्रकाशनाच्या ‘आफ्टरनून’ मासिकात आली, ते मोठ्यांचं मासिक आहे. रक्तपात मात्र भयंकर आहे, तिथे मावशीचं बरोबर. पहिल्याच खंडातला खलनायक कुरोई साबातो दोन बायकांची मुंडकी स्वतःच्या खांद्यांवर शिवून हिंडतो, त्यातलं एक रिनच्या आईचं. तिच्यावरची प्राइमवरची २०१९ ची मालिकाही सौम्य नाही. तेव्हा काका, प्राइम बंद करू नका, सेटिंगमध्ये जाऊन वयोमर्यादेचा पिन लावा. आणि तो पिन नातवाला सांगू नका, गेल्या वेळसारखा.