पोटखराब्यातला माळढोक

मृगाचा पाऊस तोंडावर आला की हा मेसेज ठरल्यासारखा येतो. यंदा मला तो सात ग्रुपांवर आला, त्यातले दोन नातेवाइकांचे. वर भेगाळलेल्या जमिनीचा फोटो आणि खाली मजकूर: ‘पुणे, नगर, सोलापूरच्या पट्ट्यात लाखो एकर माळरान पडीक, ओसाड आहे. पूर्वी इथे घनदाट जंगल होते. माणसाने ते तोडले, उरलेसुरले मेंढ्यांनी खाल्ले. आता तिथे काहीच जगत नाही. प्रत्येकाने पाच झाडे लावा, पाऊस परत येईल, हवेतला कार्बन शोषला जाईल. झाडे जगत नसतील तिथे सोलर उभारा, पण जमीन वाया घालवू नका.’ शेवटी जोडलेले हात.

पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं, म्हणूनच उत्तर देणं अवघड जातं. कॉलेजात असताना मीही इंदापूरकडच्या एका माळावर श्रमदानाला जाऊन खड्डे खणलेत. वीतभर खाली गेलं की कुदळ मुरमावर ठण्णकन वाजायची. आम्ही ‘किती खराब जमीन’ म्हणत, घाम पुसत पुढचा खड्डा घ्यायचो.

तेव्हा आधी ‘पूर्वी इथे घनदाट जंगल होते’ हे घेऊ. पूर्वी म्हणजे कधी? सह्याद्रीच्या उतारांवर आणि नदीकाठांना जंगल होतं आणि ते तुटलं, हे खरंच आहे. पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरलं की ढग रिकामे झालेले असतात. इंदापूर, बारामती, नगरकडचं कर्जत या पट्ट्यात वर्षाकाठी पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, मध्ये मोठी उघडीप देऊन. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर पातळ माती. अशा जागी गवत राज्य करतं, आणि मध्येच एखादी बोर, हिवर, खैर, हिंगणबेट. भारतीय उपखंडात ऊन सोसणाऱ्या गवतांचा हा विस्तार ७०-८० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हा कुऱ्हाड सोडाच, कुऱ्हाड धरणारा माणूसही नव्हता.

याला आपल्या भाषेतला पुरावाही आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. त्यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, संतचरित्रं, लोककथा चाळल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांबरोबर कोणत्या रानवनस्पतींची नावं येतात ते टिपलं. ४४ जाती निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त उघड्या, उन्हाच्या माळावरच्या. गर्द रानातल्या अगदी मोजक्या. यासाठी लांब जायचीही गरज नाही. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचं, कोरड्या माळावरचं काटेरी झाड. आषाढीला लाखो लोक त्याच्याजवळून जातात आणि घरी येऊन ‘इथे पूर्वी जंगल होते’ पुढे पाठवतात.

मग हा ‘पडीक’ शब्द आला कुठून? महसुलातून. इंग्रजांच्या हिशेबात ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडीक. इंग्रज गेले, रकाना राहिला. आजही सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) लिहिलेला असतो आणि देशाच्या पडीक जमिनींचा नकाशा अंतराळातून फोटो घेऊन छापला जातो. २०१९ च्या आवृत्तीत अशी जमीन साडेपाच कोटी हेक्टरांच्या वर दाखवली होती. नांगराच्या कामाची नाही एवढंच त्या शब्दाला म्हणायचं होतं. आपण त्याचा अर्थ ‘निर्जीव’ असा केला.

‘तिथे काहीच जगत नाही’ हे त्यातूनच आलं. फोटो मे महिन्यातला असतो हो! मे महिन्यात मीही काही फार बरा दिसत नाही. तोच माळ सप्टेंबरात बघा. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं गुडघ्याला लागतात. भारताच्या या गवताळ प्रदेशांखेरीज जगात कुठेच न उगवणाऱ्या दोनशेच्या आसपास वनस्पती नोंदल्या गेल्यात. थंडीत मध्य आशियातून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री झाडावर नव्हे, गवतात जमिनीवर झोपतात. चिंकारा, काळवीट, खोकड, तरस आहेतच. लांडगे तर सगळ्या देशात मिळून सुमारे ३,१०० असावेत असा २०२२ चा अंदाज आहे. कौतुक वाघाचं होतं, पण संख्येने त्याच्याहून जास्त नसलेला हा प्राणी बारामतीच्या एमआयडीसीमागे पिल्लं वाढवतो, ते कुणाच्या स्टेटसला नसतं. २०१६ साली गळ्याचा पंखा फुलवणाऱ्या सरड्यांची एक नवी प्रजात (जवळच्या जातींचा गट) शास्त्रात नोंदली गेली. तिचं शास्त्रीय नाव काय ठेवलं माहीत आहे? ‘सरडा’!

आणि माळढोक. १५ किलोपर्यंत वजनाचा नर, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शत्रू दुरून दिसला पाहिजे ही तिची एकमेव तटबंदी. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात शेतं, गावं, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांचा पक्ष्यावर राग बसला. पुढे ते बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. त्याच काळात या सगळ्या पट्ट्यात ‘हिरवाई’ म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला, आपण ज्याला उंदीरमारी म्हणतो तो. मध्य अमेरिकेतलं झाड, शेळीमेंढी सहसा तोंड लावत नाही, म्हणून जगतं. त्या रांगांनी माळढोकाची नजर अडवली, शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांद्या दिल्या, खालचं गवत विरळ केलं. २०१८ च्या सुमाराचे अंदाज देशभरात दीडशेच्या आसपास माळढोक सांगत होते, बहुतेक राजस्थानात. सोलापुरात आता एक दिसला तरी पेपरात बातमी येते. त्याला फक्त झाडांनी संपवलं असं मी म्हणत नाही. शिकार झाली, उसाला पाणी आलं, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. पण यातलं पुण्यकर्म म्हणून आपण केलेलं एकच: वृक्षारोपण. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्या आपल्याला पायाखालची कुसळी मात्र दिसली नाही.

पावसाचं थोडक्यात. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्री त्याला अडवतो. पर्जन्यछाया डोंगरामुळे पडते, इंदापुरात झाडं कमी म्हणून नाही. उलट कोरड्या जागी दाट झाडी लावली तर ती मुळांनी पाणी खेचून हवेत सोडते. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून सरकारी पैसा खर्चून माजलेली परदेशी झाडं तोडायचा कार्यक्रम चालवलाय, ओढ्यानद्यांना पाणी राहावं म्हणून.

कार्बनचा मुद्दा जरा वजनदार आहे. २०१९ साली एका गाजलेल्या शोधनिबंधाने जगभर ९० कोटी हेक्टरांवर झाडं वाढवता येतील असा हिशेब मांडला, आणि तो आकडा आजही फिरतोय. त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की कार्बनचा तो अंदाज जवळपास पाचपट फुगवलेला आहे. एक मोठं कारण म्हणजे गवताळ प्रदेश रिकामे धरले होते. गवताचा कार्बन बहुतांशी मातीत, मुळांत असतो. वणवा लागला तरी तो खाली सुरक्षित राहतो आणि पहिल्या पावसाला माळ पुन्हा हिरवा होतो. खड्डे खणताना आपण नेमकी तीच माती उलथतो. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठेवली गेली. एवढी रोपं लावायची तर मोकळी जागा लागते, आणि मोकळी म्हटली की बोट माळाकडेच जातं.

‘नाहीतर सोलर उभारा.’ ऊन हवंय, वीज हवीय, वाद नाही. पण ‘तिथे तसंही काही नाही’ म्हणून जागा निवडू नका. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आल्या, त्यावरचा अभ्यास २०१८ साली आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. भक्षक घटले म्हणून सरडे वाढले, पण खाणारी तोंडं जास्त झाल्याने ते रोडावले आणि नरांचे रंगही फिके पडले. पठारावर ‘काहीच नव्हतं’ त्यातला हा हिशेब. माळढोकासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्या, असा आदेश २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला होता, २०२४ मध्ये तो सैल केला. छपरं, कालवे, गोदामं आधी भरू या, मग माळाकडे बघू.

राहिल्या मेंढ्या. बेसुमार चराई झाली की माळ उघडा पडतो, हे मान्य. पण धनगरांची वाट बघा: दिवाळीनंतर वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, कोकणाच्या बाजूला उतरतो, पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर. वाटेत शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन रानात मेंढ्या बसवतात, कारण ते खत दुसरीकडे मिळत नाही. ही फिरती चराई माळाला पिढ्यानपिढ्या सवयीची आहे, आणि लांडगाही याच मेंढ्यांवर टिकून राहिला. मेंढ्या एका जागी कोंडल्या जातात, कारण गायरान गेलं, कुंपण पडलं, लावलेल्या झाडांभोवती चर खणला गेला. गवत खाल्लं म्हणून मेंढीला दोष द्यायचा आणि चरायची जागा झाडांना द्यायची, हा कुठला न्याय?

वनखात्यातही आता वारं थोडं फिरलंय. २०२४ पासून इंदापूर-बारामतीकडच्या कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू आहे, तिकीट काढून लोक ‘ओसाड’ बघायला येतात आणि गावातली पोरं त्यांना लांडगा दाखवतात.

हे सगळं मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तासाभराने एका काकांचा प्रश्न आला, ‘मग खड्डे खणायचे तरी कुठे?’ मी लिहिलं, ‘तुमच्या सोसायटीने पार्किंगसाठी कडुनिंब पाडले ना, तिथेच कडेला.’ दोन दिवस शांतता. मग त्यांचा फोन आला. कमिटीशी बोलून त्यांनी कुंपणालगतची पट्टी मोकळी करून घेतली होती. मागच्या रविवारी आम्ही चार खड्डे खणले. माती कमरेएवढी खोल आहे, कुदळ कुठेच वाजली नाही.